पोथ्यांचें प्रदर्शन : दर्शन कीं वाचन ?

श्रोतेहो, विद्यापीठाच्या किंवा एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत बहुधा एक कपाट असें असतें, कीं ज्याची किल्ली ग्रंथपालाच्या खणांत राहते आणि ज्यांतील ग्रंथ यादींत असूनही वाचकाच्या हातीं सहसा पडत नाहींत. त्यावर 'दुर्मिळ' अशी चिठ्ठी डकविलेली असते. वर्षांतून एकदां, कोणा थोर पाहुण्याच्या आगमनाच्या निमित्तानें, तें कपाट उघडतें. टेबलांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या जातात, त्यांवर पोथ्या मांडल्या जातात. पाहुणे येतात, 'काय हें अक्षर! किती जुनें !' असें म्हणतात आणि चहा घेऊन जातात. दुसऱ्या दिवशीं कपाटास पुनः कुलूप लागतें. ह्या प्रकारास आपल्याकडे हस्तलिखितांचें प्रदर्शन असें म्हणतात. आज मला ज्या प्रदर्शनाविषयीं बोलावयाचें आहे तें याहून निराळें आहे. आणि त्यास लागणारी सामग्री वऱ्हाडाइतकी महाराष्ट्रांत क्वचितच दुसरीकडे एकवटली असेल, असें माझें मत आहे.

जुन्या ग्रंथाचें दर्शन घेणें आणि जुना ग्रंथ वाचणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दर्शनानें आदर वाढतो. ज्ञान वाढेलच असें नाहीं. कांचेखालीं ठेवलेलें पान प्रेक्षकास वाचतां आलें नाहीं, आणि तें पूर्वीं कोणीं, कशासाठीं, कोणत्या अडचणींतून वाचलें हेंही त्यास कळलें नाहीं, तर ग्रंथालयानें देवघराचेंच काम केलें म्हणावयाचें. आणि देवघरें आपल्याकडे पुरेशीं आहेत. प्रदर्शन मांडणाऱ्याचें काम पोथी वाचून दाखविण्याचें आहे, अशी माझी समजूत आहे. आजचें सगळें विवेचन ह्या एका समजुतीवर उभें आहे.

वऱ्हाडांत हस्तलिखितांचीं दोन मोठीं घराणीं नांदलीं. पहिलें रिद्धपूरचें. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांतील ह्या गांवीं गोविंदप्रभूंचें वास्तव्य होतें. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचा शिष्यवर्ग येथेंच गोळा झाला. आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं जमविलेल्या स्वामींच्या आठवणींतून लीळाचरित्र सिद्ध झालें. आतां तेथें मराठी भाषेचें विद्यापीठही स्थापन झालें आहे. दुसरें घराणें कारंजाचें. लाडांचें कारंजें पूर्वीं अकोला जिल्ह्यांत होतें. १९९८ सालीं वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें. तेथें दिगंबर जैनांच्या बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ ह्या तीन परंपरांचीं मंदिरें आहेत, आणि मंदिरांबरोबर ग्रंथभांडारें. एकीकडे जुनी मराठी, दुसरीकडे प्राकृत आणि अपभ्रंश. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें ज्या पांच भाषांना अभिजात दर्जा देण्याचें ठरविलें त्यांत मराठी होती आणि प्राकृतही होती. वर्तमानपत्रांनीं तो दिवस मराठीचा म्हणून साजरा केला तें योग्यच झालें. पण त्याच यादींतील प्राकृताचें भांडार आपल्या शेजारच्याच गांवीं आहे, ह्याची आठवण वऱ्हाडांत तरी व्हावयास हवी होती.

कारंजाच्या भांडारांची बाहेरच्या विद्वानांस नीट ओळख झाली ती रायबहादुर हिरालाल यांच्या सूचीमुळें. मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची ही सूची १९२६ सालीं नागपुरास प्रसिद्ध झाली. पुढें दहाव्या शतकांतील अपभ्रंश कवि पुष्पदंत याचीं काव्यें कारंजाच्याच जैन ग्रंथमालेंत छापलीं जाऊं लागलीं. 'जसहरचरिउ' १९३१ मध्यें परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं संपादिलें, 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्यें हिरालाल जैन यांनीं. हे दुसरे हिरालाल अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत, म्हणजे नंतरच्या विदर्भ महाविद्यालयांत, संस्कृताचे प्राध्यापक होते. रायबहादुर हिरालाल कटनीचे आणि इतिहासकार, हे वेगळे. शिवाय ह्यांच्या साह्यकर्त्यांत पंडित हिरालाल शास्त्री म्हणून एक तिसरेही होते ! ग्रंथालयाचीं कार्डें लिहिणारांनीं ह्या तिघांची जी कालवाकालव केली आहे, ती सोडविण्यासाठीं एक लहानसा फलक खर्चीं पडला तरी तो वायां जाणार नाहीं.

आतां मी ज्या एका ग्रंथाभोंवतीं प्रदर्शन उभारावें असें म्हणतों, तो वऱ्हाडांत लिहिला गेलेला नाहीं; पण अनेक शतकांनंतर तो जगास वाचावयास मिळाला तो अमरावतीहून. दिगंबर जैनांचा प्राचीन आगमग्रंथ 'षट्खंडागम' आणि त्यावरील 'धवला' नांवाची टीका हा तो ग्रंथ. गिरनारच्या गुहेंत आचार्य धरसेनांनीं पुष्पदंत व भूतबलि या दोन शिष्यांस जें शिकविलें तें त्यांनीं सूत्रांत बांधलें, अशी परंपरा आहे. (हे पुष्पदंत मघांच्या कवीहून पुष्कळ प्राचीन.) त्यावर वीरसेनाचार्यांनीं प्रचंड टीका लिहिली; ती ८१६ सालीं पुरी झाली असा प्रा. हिरालाल जैन यांचा निर्णय आहे. ह्या टीकेचीं जुन्या कानडी लिपींतील ताडपत्रें कर्नाटकांतील मूडबिद्रीस तेवढीं राहिलीं. कांहीं पत्रांवर बाराव्या शतकाच्या आरंभींचीं रंगीत चित्रेंही आहेत. यात्रेकरू तेथें जात, पत्रांचें दर्शन घेत, मस्तक लववीत आणि परत येत. ग्रंथ पूज्य होता. अभ्यासांत मात्र नव्हता. मघां दर्शन आणि वाचन असा जो भेद मी केला त्याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनीं ह्या पत्रांची नक्कल व्हावी म्हणून खटपट आरंभिली. १८९६ च्या सुमारास काम सुरू झालें. ब्रह्मसूरि शास्त्री व गजपति उपाध्याय यांनीं लेखन हातीं घेतलें. पण तयार झालेली नक्कल मूडबिद्रीच्या बाहेर जावयाची नाहीं असा तेथील निर्बंध होता. मग गजपति उपाध्याय यांनीं आपल्या घरीं गुप्तपणें आणखी एक कानडी प्रत उतरून ठेविली. ह्या कामीं त्यांची विदुषी पत्नी लक्ष्मीबाई हिचें साह्य झालें. ती प्रत घेऊन ते प्रथम ज्यांनीं हा उद्योग आरंभिला त्याच शेटजींकडे गेले. परंतु अशी प्रत विकत घेणें त्यांना नीतीस धरून वाटलें नाहीं. अखेरीस ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांनीं घेतली. तेथें कानडीवरून नागरी करण्यास पंडित सीताराम शास्त्री बसले. त्यांनींही आपल्यापाशीं एक प्रत राखली, आणि तिच्यावरून झालेल्या नकला आरा, सागर, कारंजा, अमरावती अशा गांवीं पोंचल्या. अकराशें वर्षांच्या ग्रंथास बाहेर पडण्यासाठीं अशी दोनदां आडवाट धरावी लागली.

ही हकीकत प्रदर्शनांत सांगावी कीं झांकावी ? मोठ्या ग्रंथाच्या कथेंत चोरीचा वास नको, असें म्हणणारे सज्जन भेटतील. मला वाटतें, ती सांगितली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनीं सांगितली पाहिजे. मूडबिद्रीच्या पंचांनीं निर्बंध घातला म्हणून त्यांना अडाणी ठरवूं नये. त्यांच्या पूर्वजांनीं तीं पत्रें राखलीं नसतीं तर नक्कल करावयास उरलें काय असतें? ज्या शेटजींनीं प्रत नाकारली त्यांचा नकारही सन्मानानें लिहावा. आणि लक्ष्मीबाईंचें नांव तर ठळक अक्षरांत लिहावें, कारण ग्रंथाच्या इतिहासांत लेखकाच्या पत्नीचें नांव उरणें हा योग दुर्मिळ.

विदिशेचे श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद्र यांच्या देणगींतून जैन साहित्योद्धारक फंड उभा राहिला, आणि प्रा. हिरालाल जैन यांनीं अमरावतीस बसून, अमरावती, आरा व कारंजा ह्या तीन ठिकाणच्या नकला एकमेकींशीं ताडून, संपादन सुरू केलें. पहिला भाग १९३९ सालीं अमरावतीसच प्रसिद्ध झाला; मूळ प्राकृत, खालीं हिंदी भाषांतर, त्याखालीं टीपा. पुढें सुमारें वीस वर्षांत सोळा भाग पुरे झाले. तिन्ही नकलांची आजी एकच असल्यामुळें एकीची चूक बहुधा तिघींतही सांपडे. अशा वेळीं संपादकास व्याकरण, संदर्भ आणि टीकाकाराचें स्वतःचें स्पष्टीकरण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

ह्या श्रमाचा एक नमुना असा आहे कीं तेवढ्यावर एक दालन उभें करतां येईल. पहिल्या भागांतील त्र्याण्णवाव्या सूत्रांत मनुष्य-स्त्रीच्या संबंधानें आध्यात्मिक पायऱ्यांची गणना येते. हातांतल्या नकलांत त्या गणनेमध्यें 'संजद', म्हणजे संयमी, हा शब्द नव्हता. संदर्भ पाहतां तो शब्द तेथें असावयास हवा असें संपादकांस वाटलें, आणि तसें त्यांनीं टीपेंत सुचविलें. ह्या एका शब्दाचा संबंध स्त्रीच्या मोक्षाधिकाराच्या प्रश्नाशीं येत होता. त्या प्रश्नावर दिगंबर व श्वेतांबर यांचा मतभेद जुना. साहजिकच पंडितांत मोठें वादळ उठलें. दरम्यान पहिले भाग पाहून मूडबिद्रीच्या अधिकाऱ्यांचें मन वळलें होतें आणि मूळ ताडपत्रांशीं पाठ ताडून पाहण्याची सोय त्यांनीं करून दिली होती. ताडपत्र पाहिलें, 'संजद' हा शब्द तेथें होता. नकलेच्या कोणत्या तरी पायरीवर तो गळला होता.

श्रोतेहो, एका कांचेच्या पेटींत तीनच वस्तु ठेवाव्यात : शब्द गळलेल्या नकलेचें पान, टीप असलेलें छापील पान, आणि मूळ ताडपत्राचें खऱ्या आकाराचें छायाचित्र. पहिल्या दोहोंत तीं जागा लाल दोऱ्यानें दाखवावी, तिसऱ्यांत त्या तीन अक्षरांभोंवतीं वर्तुळ काढावें. ज्यास प्राकृताचा गंध नाहीं अशा वकिलास, डॉक्टरास, शाळेंतल्या मुलीसही संशोधन म्हणजे काय तें उभ्याउभ्या कळेल. पेटीखालची चिठ्ठी मी अशी लिहीन : 'नकलेंत एक शब्द नव्हता. अमरावतीच्या संपादकांनीं तो असावा असा तर्क केला. पुढें ताडपत्रांत तो सांपडला. हा शब्द स्त्रियांच्या अधिकाराविषयींच्या चर्चेंत महत्त्वाचा आहे.' ह्याच्या जागीं आपल्याकडे बहुधा काय लिहिलेलें आढळतें ? 'प्राकृत हस्तलिखित, देशी कागद, पानें अमुक, लांबी-रुंदी तमुक.' हें वर्णन सूचींत शोभतें. प्रेक्षकाच्या तें उपयोगीं नाहीं.

धवलेंतील गणितासाठीं मात्र कोपऱ्यांतलें एक टेबल पुरे. एखादी संख्या किती वेळां निम्मी करतां येते त्यास तेथें 'अर्धच्छेद' म्हटलें आहे. ३२ चे अर्धच्छेद पांच. आजचे गणिती ह्यास दोन पायाचा लॉगरिदम म्हणतील. लखनौचे अवधेश नारायण सिंह यांनीं धवलेंतील गणितावर लेख लिहिला तो अमरावतीच्याच आवृत्तीच्या चौथ्या भागांत. बत्तीस चिंचोके मांडून ठेवावे आणि मुलांना ते निम्मे निम्मे करावयास सांगावें. अधिक भाष्याची गरज नाहीं.

महानुभावांच्या पोथ्यांचा पेंच ह्याच्या उलट आहे. मूडबिद्रीस दार बंद होतें. येथें पोथी हातीं आली तरी अक्षरच बंद. चौदाव्या शतकापासून ह्या पंथांत ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची चाल पडली. सकळा, सुंदरी, पारिमांडल्य, अंक अशीं ह्या लिप्यांचीं नांवें. सकळा लिपीचें श्रेय परंपरा रवळोबास यांस देते. ही योजना परकीयांपासून बचावासाठीं होती कीं शास्त्राचें पावित्र्य राखण्यासाठीं, ह्याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. मला दोन्ही कारणें एकाच वेळीं खरीं असण्यास कांहीं हरकत दिसत नाहीं. परिणाम असा झाला कीं मराठीचे हे आद्य गद्यग्रंथ मराठी विद्वानांसच कित्येक शतकें अपरिचित राहिले. आणि त्याच काळांत पंजाबांत, जेथें हा पंथ जयकृष्णी म्हणून ओळखला जातो, तेथील अनुयायी मात्र मराठी पोथ्या भक्तीनें वाचीत होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वनाथ काशीनाथ राजवाडे आणि विनायक लक्ष्मण भावे यांनीं ह्या लिपीची उकल केली. मग कामास वऱ्हाडची माणसें लागलीं. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनीं १९२५ सालीं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपुरास हरि नारायण नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्र छापावयास घेतलें. आणि बुलढाणा जिल्ह्यांत जन्मलेले विष्णु भिकाजी कोलते यांनीं त्याचें मोठें संपादन १९७८ मध्यें सिद्ध केलें.

ह्या दालनांत सकळा लिपीची एक ओळ मोठी करून भिंतीवर लावावी, शेजारीं अक्षरांचें कोष्टक ठेवावें, आणि खालीं पाट्या व पेन्सिली ठेवाव्यात. येणाऱ्यानें ती ओळ स्वतः सोडवावी. तिच्यांतून साधें, घरगुती मराठी वाक्य बाहेर पडतें तेव्हां होणारा आनंद कोणत्याही फलकानें देतां येणार नाहीं. दुसऱ्या पेटींत एकच लीळा दोन निरनिराळ्या पाठांत शेजारीं शेजारीं मांडावी. परंपरा सांगते कीं लीळाचरित्राची मूळ प्रत यवनांच्या स्वारीच्या धामधुमींत नष्ट झाली आणि शिष्यांनीं तें आठवणीवरून पुनः जुळविलें. म्हणूनच त्याचे पाठ अनेक. नकलेंत शब्द कसा गळतो हें पहिल्या दालनांत दिसलें. स्मृतींत तो कसा बदलतो तें येथें दिसेल. आणखी एक सूचना जातां जातां करतों. रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या प्रसंगीं महदंबेनें रचिलेले 'धवळे' मराठींतल्या पहिल्या कवयित्रीची रचना म्हणून प्रसिद्ध आहेत. वीरसेनांची 'धवला' आणि महदंबेचे 'धवळे' यांचा एकमेकांशीं संबंध नाहीं. पण एकाच प्रदर्शनांत दोन्ही नांवें येणार असल्यामुळें दारावरच्या स्वयंसेवकास ही गोष्ट आधींच नीट समजावून ठेवावी.

आतां मांडणीविषयीं थोडें. जुन्या पोथ्यांतील काजळी शाई उजेडानें सहसा उडत नाहीं. पण कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं लावलेली हरताळ उजेडानें फिकट होते. ग्रंथरक्षणाचे जाणकार अशा पानांवर पन्नास लक्सहून अधिक उजेड पडूं देत नाहींत. दुपारच्या लख्ख उन्हांत हाच आंकडा लाखाच्या घरांत जातो, एवढें सांगितलें म्हणजे पन्नास लक्स किती मंद तें कळेल. म्हणून खिडक्यांना जाड पडदे हवेत; छायाचित्रकारांचे झगझगीत दिवे, मग उद्घाटनास कोणीही येवो, बंद. एकच पान दोन-तीन महिन्यांहून अधिक उघडें ठेवूं नये. आपल्या पोथ्या सुट्या पानांच्या, ही एक सोयच आहे. बांधणीस ताण न देतां हवें तें पान काढतां येतें. मात्र काढलेल्या पानाच्या जागीं क्रमांकाची चिठ्ठी ठेवलीच पाहिजे, नाहींतर प्रदर्शन संपतें आणि पोथी कायमची विस्कटते.

हवेचा प्रश्न वऱ्हाडांत बिकट. अकोल्यास वैशाखांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते कीं ताडपत्र वांकविण्याच्या आधींच मोडावें. आषाढांत तीच हवा दमट होऊन बुरशी धरते. कागदास उष्णतेहून हा चढउतारच अधिक बाधतो. तेव्हां प्रदर्शन कार्तिक ते माघ ह्या काळांत भरवावें. जुन्या लोकांस हें व्यवहारज्ञान होतें. जैन भांडारांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमीचा उत्सव होतो. षट्खंडागम पूर्ण झाल्याची ही तिथि. त्या दिवशीं ग्रंथांची पूजा होते, पोथ्या बाहेर काढून झाडतात, नव्या वेष्टनांत बांधतात. पावसाच्या तोंडावर पोथ्यांची धूळ झाडून कीड पाहण्याचा याहून चांगला मुहूर्त कोणत्या रसायनशास्त्र्यानें काढला असता ? वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाचा पाला बासनांत घालण्याची चालही अशीच. आणि पोथीच्या शेवटीं लेखक पाठ, मान, कंबर मोडून गेल्याचें गाऱ्हाणें गाऊन तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून ग्रंथ राखा, अशी विनवणी करतो. प्रदर्शनाच्या नियमावलींत ह्यांत भर घालण्यासारखें फार थोडें आहे.

कागदाविषयीं एक गोष्ट अकोलेकरांस आवडेल. जुन्या दप्तरांत दौलताबादी, जुन्नरी अशा कागदांबरोबर बाळापुरी कागदाचेंही नांव येतें. तें बाळापूर अकोला जिल्ह्यांतलेंच. दोन-तीन तऱ्हांचे कोरे जुने तुकडे बोटांनीं चांचपून पाहावयास ठेवावे. प्रदर्शनांत हात लावावयास मिळणारी एखादी तरी वस्तु असावीच.

सर्वांत नाजूक गोष्ट मालकांच्या संमतीची. मठ आणि मंदिरें यांनीं ह्या पोथ्या शतकानुशतकें राखल्या त्या कोणाच्या अनुदानावर नव्हेत, श्रद्धेवर. विद्यापीठाचा मनुष्य दारांत आला कीं भांडारपालाच्या मनांत पहिली शंका येते ती 'आतां हे आमची पोथी नेणार' ही. आणि नेलेल्या पोथ्या परत आल्या नाहींत अशा कथा प्रत्येक गांवीं ऐकूं येतात. माझा सरळ सल्ला असा आहे कीं विद्यापीठानें पोथी मागूं नये. पान मागावें, तेंही ठराविक मुदतीसाठीं, लेखी पावती देऊन, आणि भांडाराचाच एक मनुष्य प्रदर्शनभर पेटीशेजारीं बसेल अशा अटीवर. त्यांच्या रीती पाळाव्यात : पोथी जमिनीवर ठेवावयाची नाहीं, चामड्याची वस्तु जवळ आणावयाची नाहीं, हात धुतल्याशिवाय स्पर्श नाहीं. ह्या रीती ग्रंथरक्षणाच्या दृष्टीनेंही निर्दोष आहेत. परत देतांना पोथीबरोबर तिच्या प्रत्येक पानाचीं छायाचित्रें भांडारास द्यावीत. मूडबिद्रीचीं दारें उघडलीं तीं कोणी फोडलीं म्हणून उघडलीं नाहींत. छापून आलेले भाग पाहून तेथल्या लोकांची खात्री पटली तेव्हां तीं आंतून उघडलीं. जे तरुण ग्रंथपाल सरकारी पत्राच्या बळावर भांडारें ताब्यांत घेण्याची भाषा बोलतात त्यांनीं हें ध्यानीं धरावें.

एक तिसरें दालन उरतें, आणि त्याची सामग्री ना मठांत आहे ना मंदिरांत; ती आपल्यापैकीं पुष्कळांच्या माळ्यावर आहे. मोडी कागदांचे रुमाल ! वतनांचे कागद, कापसाच्या सौद्यांचे जमाखर्च, लग्नाच्या याद्या, सासरीं गेलेल्या मुलीचीं ख्यालीखुशालीचीं पत्रें. ह्या लिपीस कोणीं कुलूप घातलें नव्हतें. ती आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीपर्यंत शाळेंत शिकवीत, दुकानांत लिहीत. दोन पिढ्यांत ती घरच्यांनाच परकी झाली. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या प्रदर्शनांत आठवड्यांतून एक दिवस मोडी जाणणारा मनुष्य बसवावा, आणि लोकांनीं आपला एखादा कागद आणून तो वाचून घ्यावा. ज्याचा कागद असेल त्याचीच मालकी राहील, ग्रंथालयानें फार तर एक छायाचित्र मागून घ्यावें. रिद्धपूर आणि कारंजा यांच्या थोर ग्रंथांशेजारीं ह्या घरगुती कागदांस बसवूं नये असें ज्यांना वाटत असेल त्यांचा माझा मतभेद आहे. वाचून घेण्यासारखें आपल्या घरींही कांहीं आहे हें ज्यास कळलें तोच बाकीच्या पेट्यांपुढें दोन क्षण अधिक थांबतो.

असा रुमाल आणावयाचा झाल्यास तो झटकूं नये, ओल्या फडक्यानें पुसूं नये, फाटल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. घड्या घरीं उलगडून पाहण्याचा मोह आवरावा. वाळलेला कागद घडीवरच तुटतो. ज्या गांठीनें तो बांधलेला असेल त्याच गांठीनें आणावा, आणि वरची मळकी चिठ्ठी तर मुळींच काढूं नये. कारण आंतले कागद कोणत्या गांवचे आणि कोणाच्या घरचे, हें पुष्कळदां त्या एका चिठ्ठीवरच लिहिलेलें असतें.